दरवर्षी बीज सोडूनही तलावात मासे का राहत नाहीत?

नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यातला आमचा पाझर तलाव बहात्तरच्या दुष्काळानंतर रोजगार हमीवर बांधलेला. काठोकाठ भरला की पन्नास-पंचावन्न एकर पाणी, आणि मे महिना सरता सरता भिंतीच्या अंगाला आठ-दहा एकरांचा डोह, एवढाच त्याचा जीव. पाण्याचा ठेका आमच्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे आहे आणि संस्थेचं दप्तर गेली अकरा वर्षं मी लिहितोय. पहिली पाच वर्षं त्या दप्तरात एकच नोंद फिरून फिरून आली: जुलैत वीस हजार बीज, म्हणजे माशांची बारीक पिल्लं सोडली, फाल्गुनात जाळी टाकली, जाळ्यांत आपोआप वाढणारी चिलापीच चिलापी, आम्ही सोडलेले कटला-रोहू मात्र हाताच्या बोटांवर मोजावेत इतके.

चांदवड, सिन्नर, कळवणकडची माणसं भेटली की त्यांच्याकडूनही हेच ऐकू येतं. म्हणून आम्हाला जे उशिरा कळलं ते इथे सविस्तर लिहितोय.

आमची मूळ चूक अशी की आम्ही दरवर्षी उपाय बदलला, कारण शोधलं नाही. एका वर्षी बीज दुप्पट केलं. पुढच्या वर्षी पुरवठादार बदलला. त्याच्या पुढच्या वर्षी पाण्याला खत हवं म्हणून शेणाच्या ट्रॉल्या ओतल्या. पैसा गेला, फरक शून्य. आमच्यातले सगळ्यात जुने सभासद तात्या एकदा बैठकीत म्हणाले, "अरे, मासा मेला का पळाला का खाल्ला, ते तरी बघा आधी." मार्ग निघाला तो तिथून.

आधी महिना शोधा

तलावातला मासा पाच वाटांनी जातो. पाण्याबरोबर वाहून, दुसऱ्याच्या पोटात, गुदमरून, विषाने, नाहीतर चोरून. या प्रत्येक वाटेचा हंगाम वेगळा असतो. त्यामुळे मासे कधी कमी झाले हे कळलं की का कमी झाले हे निम्मं कळतं.

यासाठी वर्षातून तीनदा चाचणीची जाळी टाका: दसऱ्याच्या सुमारास, संक्रांतीनंतर आणि होळीला. जाळी तीच, जागा त्याच, दोन रात्री सलग. एका जाळ्याला एका रात्रीत किती मासे लागले आणि कुठल्या जातीचे, एवढंच वहीत लिहायचं. जाळी लहान-मोठ्या आसाची मिळून हवीत. आस म्हणजे जाळ्याचा डोळा. मोठ्या आसातून बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, निसटते, मग तलावात पिल्लं नाहीतच असं वाटतं. एक गोष्ट ध्यानात ठेवा. पौष-माघात आपल्याकडे थंडी कडक असते, शेजारच्या निफाडचा पारा तर काही वर्षी पाच अंशांच्याही खाली उतरतो. अशा पाण्यात कटला-रोहू खोलात जाऊन बसतात, खाणं थांबवतात, फिरत नाहीत. उभ्या जाळ्याला फिरता मासाच लागतो. म्हणून संक्रांतीचं जाळं हलकं आलं तर घाबरू नका, ते फक्त मागच्या संक्रांतीशी ताडून बघा.

आम्ही पहिल्यांदा दसऱ्याला जाळं टाकलं तेव्हा दोन रात्रींत कटल्याचं एकही पिल्लू लागलं नाही. म्हणजे जुलैत सोडलेलं बीज तीन महिन्यांतच संपलं होतं. आणि आम्ही त्याचा दोष उन्हाळ्याला, गाळाला, चोरांना देत बसलो होतो.

सांडवा आणि बिजाचा आकार

दिंडोरी, इगतपुरी, त्र्यंबक, सुरगाणा, पेठ या पट्ट्यातल्या तलावांवर सगळ्यात मोठी गळती सांडव्यावर, म्हणजे जादा पाणी बाहेर पडण्याच्या वाटेवरच होते, त्यामुळे यावर जास्त लिहितो.

कटला, रोहू, मृगळ हे मूळचे उत्तरेकडच्या मोठ्या नद्यांमधले मासे. साठलेल्या पाण्यात ते छान वाढतात, पण अंडी घालायला त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. तलावात ते वंश वाढवत नाहीत, म्हणूनच दरवर्षी बीज सोडावं लागतं. डॉ. हिरालाल चौधुरी यांनी १० जुलै १९५७ रोजी माशाच्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून हे प्रजनन हुकमी घडवून आणलं. १० जुलैला राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिवस पाळतात तो यासाठीच. पण सुई टोचली तरी मासा तयार होतो पावसाळ्यातच. त्यामुळे मत्स्यबीज केंद्रावर बीज निघतं आषाढ-श्रावणात, गाडी येते त्याच वेळी, आणि आपण तेव्हाच ते तलावात सोडून मोकळे होतो. नेमका त्याच महिन्यात सांडवा वाहत असतो. इंचभराचं बीज त्या ओढीपुढे टिकत नाही. ओढ्याला वाहणारं पाणी दिसलं की आपली पोरं वलगणीचे, म्हणजे पहिल्या पावसाच्या वाहत्या पाण्यात चढणारे मासे धरायला धावतात ना, तेव्हा सांडव्याखाली फडकं धरून पाहा. आम्ही पाहिलं. आमच्याच पैशाचं बीज फडक्यात आलं.

सांडव्यावर जाळी लावायचा विचार सगळ्यांच्या मनात येतो. माझं मत विरोधात आहे. पुरात गवत, घाणेरीची झुडपं, प्लास्टिक सगळं जाळीला येऊन अडकतं, पाणी तुंबतं आणि मातीच्या भिंतीवरून वाहू लागलं तर तलावच फुटतो. खाली वस्ती आहे, शेतं आहेत. ज्या खात्याच्या ताब्यात तलाव आहे त्याच्या लेखी परवानगीशिवाय सांडव्याला हात लावू नये.

उपाय दुसरा आहे: बीज तलावात उशिरा सोडायचं आणि मोठं करून सोडायचं. जुलैत आणलेलं बीज भाद्रपद संपेपर्यंत दुसरीकडे वाढवायचं, सांडवा बंद झाला की मग तलावात. नाशिककरांना दुसरीकडे म्हणजे कुठे हा प्रश्न पडायला नको. द्राक्षबागांमुळे प्लास्टिक कागदाची शेततळी जागोजागी आहेत आणि पावसाळ्यात बागायतदाराला त्या पाण्याची फारशी गरज नसते. आम्ही गावातल्या एका शेतकऱ्याचं शेततळं तीन महिन्यांच्या बोलीवर घेतलं. त्यांची काळजी रास्त होती. पाणी हिरवं झालं तर ठिबकच्या फिल्टरला शेवाळ धरतं. म्हणून आम्ही त्यात शेण टाकत नाही, फक्त भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड समान भाग भिजवून, सकाळी ठरल्या जागी, खातील तेवढंच. घातलेलं खाद्य तासाभरात संपलं नाही तर दुसऱ्या दिवशी कमी करायचं. वरून द्राक्षावरचीच पक्ष्यांची जुनी जाळी. खंड्या आणि पाणकावळा एकदा शेततळ्याला सरावला की महिन्याभरात तळं रिकामं करतो.

केंद्रावरची भाषा माहीत असू द्या. अंड्यातून निघालेलं ते मत्स्यजिरे, इंचभर झालं की मत्स्यबीज, आणि तीन-चार इंचांची झाली की बोटुकली. तलावात सोडायची ती बोटुकली. हिशोब करून पाहा. समजा मे अखेर दोन हजार किलो मासा हवा आणि सरासरी वजन अर्धा किलो धरलं, तर चार हजार मासे जिवंत राहायला हवेत. चार इंची बोटुकलीतली निम्मी जगली तर आठ हजार सोडावी लागतील. इंचभराच्या बिजातलं दहात एक जगलं तर चाळीस हजार लागतील, आणि सांडवा वाहत असेल तर तेही पुरणार नाही. आमच्या बैठकीत मी हे फळ्यावर मांडलं तेव्हा कुणी बोललं नाही, कारण आधीच्या सगळ्या वर्षांचं उत्तर त्यात होतं.

गाडीतून आलेलं बीज मोजून घ्या. एका पुरवठादाराने आम्हाला दोन वर्षं पिशव्यांवर लिहिलेल्या आकड्यावर बिल दिलं आणि आम्ही ते भरलं. तिसऱ्या वर्षी तीन पिशव्या फोडून चहाच्या गाळणीने मोजल्या तर लिहिलेल्याच्या दोन-तृतीयांशही भरल्या नाहीत. शिवाय त्यात कटला थोडा आणि सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प, जास्त. सायप्रिनस वाईट नाही, पण तो तळ उकरतो आणि आपल्या काळ्या मातीच्या तलावात पाणी गढूळ करून ठेवतो. मग सूर्यप्रकाश आत जात नाही आणि कटल्याचं खाणं असलेले सूक्ष्म जीव कमी होतात. आम्ही कटला चार, रोहू तीन, मृगळ तीन असं प्रमाण धरतो. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी, एकमेकांच्या ताटात हात घालत नाहीत.

सोडताना घाई नको. ऑक्सिजन भरलेली पिशवी तोंड न उघडता पंधरा-वीस मिनिटं तलावाच्या पाण्यावर तरंगत ठेवायची, आतलं-बाहेरचं तापमान जुळू द्यायचं, मग तोंड उघडून थोडं थोडं तलावाचं पाणी आत घ्यायचं. पिल्लं आपण होऊन बाहेर पडतात. वेळ सकाळची, नाहीतर दिवस मावळतानाची. भर दुपारी पिशव्या ओतून फोटो काढला की संध्याकाळपर्यंत काठ पांढरा झालेला दिसतो.

चिलापी आणि मरळ

दसऱ्याच्या जाळ्यात बोटुकली भरपूर आणि होळीच्या जाळ्यात निम्म्याहून कमी, त्यांच्या जागी तळहाताएवढी चिलापी, असं असेल तर प्रश्न वाटेकऱ्यांचा आहे. चिलापी आफ्रिकेतली, भारतात १९५२ साली आणली. मादी अंडी तोंडात सांभाळते, दोन-तीन महिन्यांची झाली की पिल्लं देऊ लागते आणि वर्षातून अनेकदा देते. गर्दी झाली की तिची वाढ खुंटते, पण वंश थांबत नाही. एकदा आली की पूर्ण काढता येत नाही, हे मान्य करून चालावं लागतं.

काढायची वेळ मात्र ठरवता येते. चैत्र-वैशाखात नर काठाच्या उथळ पाण्यात परातीसारखे गोल खड्डे करून बसतात. तेव्हा फेकजाळ्याने काठ झोडायचा, सापडलेली चिलापी कितीही लहान असली तरी परत सोडायची नाही. गावात सुकटीला, तळायला ती खपते.

मरळीबद्दल आमच्यात वाद झाला होता. ती पिल्लं खाते म्हणून दिसेल तिथे मारायची, असं तरुण मंडळींचं म्हणणं. मी विरोध केला. मरळ आपली स्थानिक, बाजारात भाव चांगला, आणि चिलापीची पिल्लं खाऊन आवरणारी तीच एक. तीन-चार इंचांची बोटुकली सोडली तर मरळीच्या तोंडून बरीचशी वाचते, इंचभराचं बीज वाचत नाही. आता आम्ही पावसाळ्यात पिल्लांच्या लाल थव्याबरोबर राखण करणाऱ्या मरळीला हात लावत नाही. शिवडा मात्र काढतो. त्याच्या जबड्यात अर्ध्या किलोचा रोहूही मावतो. आणि विदेशी मांगूर कुणी फुकट देऊ केला तरी घेऊ नका. त्याच्यावर देशात बंदी आहे आणि तो तलावात शिरला तर बाकी काहीच राहत नाही.

मे-जूनमधली मर

एखाद्या पहाटे तलाव पांढरा होतो, हे ज्याने पाहिलं आहे त्याला त्या वासासकट आठवतं. आमच्याकडे एका ज्येष्ठात झालं. वळवाची जोरदार सर रात्री आली, सकाळी तीन-तीन किलोचे कटले काठाला. गावात लगेच बोभाटा झाला, कुणीतरी विष टाकलं म्हणून. दोन घरांत भांडण लागता लागता राहिलं. विष नव्हतं.

उन्हाळ्यात पाणी उरतं थोडं, त्यात तळाला गाळ, गाळपेरीतून, म्हणजे पाणी उतरलेल्या जागेत केलेल्या पेरणीतून उतरलेलं खत, कुजका पाला. वरचं पाणी गरम आणि हलकं, खालचं थंड आणि प्राणवायू नसलेलं. पावसाचं थंड पाणी वरून पडलं की वरखाली होतं आणि तळाचं घाणेरडं पाणी सगळ्या तलावात मिसळतं. हिरवं पाणी असेल तर ढगाळ हवेतही हेच होतं. शेवाळ दिवसा प्राणवायू देतं, रात्री स्वतःच घेतं. कटला, रोहू, मृगळ या कार्प माशांना लिटरमागे पाच मिलिग्रॅम प्राणवायू असला की सुख, तीनच्या खाली गेला की त्रास. सगळ्यात कमी तो पहाटे असतो.

गुदमरणं आणि विष यांतला फरक काठावरच ओळखता येतो, आणि तो ओळखणं गावाच्या शांततेसाठीही गरजेचं आहे. गुदमरून मरतात ते पहाटे, आणि आधी मोठे. मेलेल्याचं तोंड वासलेलं असतं. मरळ वरची हवा घेते म्हणून वाचते, चिलापीही बरीच तगते. झिंगे पाणी सोडून काठावर चढतात. विषाने मरतात ते दिवसाच्या कुठल्याही वेळी, आणि आधी लहान मासे, झिंगे, पाणकिडे. मासे गोल गोल फिरतात, उसळ्या मारतात, आणि मर तलावाच्या एका कोपऱ्यातून सुरू होते.

गुदमरण्यावर त्या पहाटे करता येतं ते एवढंच: डिझेल इंजिन किंवा मोटार लावून तलावाचंच पाणी उचलायचं आणि उंचावरून फवाऱ्यासारखं परत तलावात पाडायचं, उजाडून ऊन येईपर्यंत. खरा उपाय महिनाभर आधीचा आहे. वैशाख निम्मा झाला की मोठा मासा काढून घ्या. आठ-दहा एकरांच्या डोहात पन्नास एकरांचं गणगोत जगणार नाही. पाणी किती हिरवं झालंय हे बघायला वीतभराहून मोठी स्टीलची ताटली घ्या, काळ्या-पांढऱ्या रंगाचे चार पाव भाग रंगवा, दोरीला बांधून दुपारी पाण्यात सोडा. एक ते सव्वा फुटावर दिसेनाशी झाली तर पाणी चांगलं. वीतभरातच दिसेनाशी झाली तर तलावात शेण-खत काही टाकू नका आणि पहाटे पाळीने काठावर माणूस ठेवा. दोन फुटांपलीकडेही दिसत असेल तर पाण्यात खाणं कमी आहे.

विषाचं म्हणाल तर आपल्याकडे ते बहुतेक वेळा द्वेषाने येत नाही, फवारणीच्या टाकीतून येतं. ऑक्टोबर छाटणीनंतर बागांवर फवारे सुरू होतात, ट्रॅक्टर टाकी भरायला तलावावर येतो आणि उरलेलं तिथेच धुतो. बोर्डो मिश्रणातलं मोरचूद माशाला घातक आहे आणि सायपरमेथ्रिनसारखी कीटकनाशकं तर फार थोड्या प्रमाणातही मारतात. आम्ही भांडलो नाही. तलावापासून लांब, उताराच्या दुसऱ्या बाजूला संस्थेच्या पैशाने एक पाण्याची टाकी बांधली आणि नळ दिला. आता तिथेच टाक्या भरतात आणि धुतात. ग्रामसभेत ठराव करून घेतला, तोही उपयोगी पडला.

चोरीचं एका ओळीत संपवतो. जिलेटिन आणि विष वापरून मासेमारी करणं १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे, आणि विजेचा करंट सोडणारा स्वतःसकट दुसऱ्याचाही जीव घेतो. तिथे बघ्याची भूमिका नको, पोलिसांना कळवा.

तलावात नेमके किती आहेत?

हे कळल्याशिवाय ठेक्याची रक्कम, सभासदांची वाटणी, पुढचं बीज, सगळं अंदाजपंचे. यासाठी एक साधी रीत आहे. कार्तिकात, थंडी वाढायच्या आत, ओढ जाळ्याने मासे धरायचे, ओल्या हाताने शेपटीच्या परांचं टोक कात्रीने जरासं कापायचं आणि लगेच सोडायचे. समजा असे १२० सोडले. आठ-दहा दिवसांनी, ते सगळीकडे मिसळले की पुन्हा जाळं ओढायचं. समजा ९० लागले आणि त्यांत खुणेचे ६ निघाले. १२० ला ९० ने गुणायचं, ६ ने भागायचं, १,८०० येतात. तलावात त्या आकाराचे साधारण इतके कार्प आहेत. दोन्ही वेळा जाळं तलावाच्या वेगवेगळ्या भागांत ओढायला हवं, एकाच कोपऱ्यात नाही. खुणेचे दोन-तीनच मिळाले तर आकड्यावर विसंबू नका, आणखी एक ओढ घ्या.

हा आकडा हातात आला की विक्रीचं जाळं ठरतं. आम्ही आता ताणून चार इंचांपेक्षा कमी आसाचं जाळं विक्रीच्या मासेमारीला वापरत नाही. अर्ध्या किलोच्या आतला कटला मे महिन्यात सापडला तर डोहात परत जातो. पाणी राहिलं तर पुढच्या होळीला तोच दीड-दोन किलोचा मिळतो, आणि पिंपळगाव, नाशिकच्या बाजारात मोठ्या कटल्याला किलोमागे भावही वेगळा मिळतो. सभासदांना हे पटवायला दोन हंगाम लागले, कारण हातातला मासा परत सोडणं पोटावर हात असलेल्या माणसाला सोपं नाही. ज्या वर्षी बोटुकलीचा खर्च वाचला आणि आदल्या वर्षीच्या माशांनीच सुरुवातीची वाटणी निघाली, त्या वर्षापासून कुणी वाद घातला नाही.

गेल्या दसऱ्याला चाचणीच्या जाळ्यात दोन रात्रींत कटला, रोहू, मृगळ मिळून अडतीस लागले. पहिल्या वर्षीचं पान मी त्याच्या शेजारी उघडून ठेवलं होतं.

आमचा एक प्रश्न अजून बाकी आहे, तो डोहाच्या खोलीचा. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना २०१७ साली आली तेव्हा गाळ निघाला, पण काठाकाठाने, ट्रॅक्टर सहज पोचेल तिथून. त्याने पाणी पसरलं, खोल झालं नाही. येत्या उन्हाळ्यात गाळ काढायचा झाला तर भिंतीच्या पायथ्याला हात न लावता, जुन्या ओढ्याच्या पात्रात लांबट चर खोदून मागणार आहोत, म्हणजे मे अखेरही माशांच्या डोक्यावर दोन पुरुष पाणी राहील. पात्र कुठून कुठे जात होतं हे तलाव होण्याआधीपासून पाहिलेले तात्या एकटेच आहेत. मागच्या आठवड्यात पाणी उतरलं तसे ते काठी घेऊन निघाले आणि एकेका ठिकाणी चुन्याने रंगवलेले दगड रोवून आले.